मूळ जपानीतून मांगा वाचायचा तर: तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

हिरागाना-काताकाना पाठ झालं, एन-५ची (जपानीच्या जेएलपीटी परीक्षेतल्या सर्वांत सोप्या पातळीची) परीक्षा दिली, आवडत्या मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेच्या मालिकेचा, पहिला खंड हातात आला आणि चौथ्या पानावर तो मिटला गेला. असं झालं की खापर बहुतेक वेळा कांजीवर, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरांवर, फुटतं. पण नवशिक्यासाठी योग्य मांगात कांजीच्या शेजारी उच्चार छापलेला असतो, त्यामुळे कांजी फारशी अडवत नाही. अडवते ती वर्गात न भेटलेली बोली. दुसरी अडचण म्हणजे पहिल्या शब्दापासून शब्दकोश उघडायची सवय. खालचा क्रम या दोन अडचणी धरून लावला आहे, त्यामुळे टप्पे उलटसुलट करू नका.

(जपानी शब्द इथे देवनागरीत आहेत ते केवळ लेखाच्या सोयीसाठी. तुमच्या पुस्तकात 'काना'वर, म्हणजे हिरागाना-काताकाना अक्षरांवर, पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहू नका. डोळा देवनागरीकडेच जातो आणि काना वाचायचा वेग वाढतच नाही.)

## टप्पा १: पुस्तक उघडण्याआधीची तयारी

काना. दोन्ही लिप्यांची ४६-४६ मूळ अक्षरं, त्यांची दाकुतेन (उच्चार बदलणाऱ्या दोन बारीक रेघा) लावलेली रूपं आणि जोडरूपं न अडखळता आली पाहिजेत. काताकानाकडे दुर्लक्ष करू नका. मांगातले आवाज आणि ओरडणं बहुतांशी काताकानात असतं, तेही हाताने वेडंवाकडं काढलेलं. 'शि' आणि 'त्सु' यांतला गोंधळ इथेच होतो. 'शि'मध्ये दोन छोट्या रेघा डाव्या कडेला एकाखाली एक असतात आणि मोठी रेघ खालून वर जाते. 'त्सु'मध्ये छोट्या रेघा वरच्या कडेला शेजारी-शेजारी असतात आणि मोठी रेघ वरून खाली येते. 'न' आणि 'सो' यांतही हाच फरक, फक्त छोटी रेघ एकच.

साधे जपानी शब्दही मांगात जोर देण्यासाठी काताकानात लिहितात: 'दामे', 'बाका', 'होन्तो', 'ओरे'. काताकाना दिसलं की इंग्रजी शब्द शोधत बसणं ही ठरलेली चूक आहे.

व्याकरण. 'मिन्ना नो निहोंगो' हे पाठ्यपुस्तक वापरत असाल तर २०वा धडा हा उंबरठा समजा, कारण साधी बोलीरूपं तिथे एकत्र येतात. त्याआधी मांगा उघडला तर जवळजवळ प्रत्येक क्रियापद परकं वाटेल. वाचन सुरू करताना हे धडे हाताशी ठेवा: २४ (देण्या-घेण्याची क्रियापदं), २९ ('ते शिमाउ'), ३० ('ते ओकु'), ३१ (इच्छार्थी रूप), ३३ (आज्ञा आणि मनाई), ३५ ('बा'ची अट), ३७ (कर्मणी). मांगात ही रूपं पानोपानी येतात. ४८व्या धड्यातलं प्रयोजक रूप नंतर पाहिलं तरी चालेल.

> तपासा: कोणत्याही मांगाचं एक पान घ्या आणि अर्थाकडे न बघता फक्त काना मोठ्याने वाचा. दोन-तीनपेक्षा जास्त अक्षरांवर थांबलात तर अजून आठवडाभर कानाचाच सराव करा.

## टप्पा २: पुस्तक निवडणं

सर्वांत जास्त लोक इथेच चुकतात. आवडती मालिका ही पहिली मालिका असायलाच हवी असं नाही. निवडताना हे पाहा:

१. फुरिगाना. कांजीच्या उजवीकडे छापलेला बारीक काना. लहान मुलांच्या आणि शोनेन, म्हणजे किशोरांसाठीच्या, मांगात तो जवळपास प्रत्येक कांजीला असतो. सेइनेन, म्हणजे प्रौढांसाठीच्या, मांगात तो बहुधा नसतो.

२. विषय. घर, शाळा, शेजार, जेवणखाण. जादूची दुनिया, तलवारबाजी, अंतराळ आणि गुन्हेतपास पुढे ढकला. 'देतेक्तिव कोनान'ला फुरिगाना आहे, पण खुनाच्या तपासाचे शब्द तुम्हाला दुसऱ्या कुठल्या पुस्तकात पटकन भेटणार नाहीत.

३. विरामचिन्हं. बऱ्याच प्रकाशकांच्या मांगात संवादाच्या फुग्यांमध्ये पूर्णविराम-स्वल्पविराम नसतात. शोगाकुकान या प्रकाशनाच्या मांगात ते ठेवायची पद्धत आहे. वाक्य कुठे संपलं हे कळत नसलेल्या वाचकाला याची केवढी मदत होते, ते दोन्ही प्रकारची पानं शेजारी ठेवली की लक्षात येतं.

४. आकार. शोनेन खंड साधारण ११ × १७ सेंमीचा असतो. स्वस्त म्हणून बुन्को आवृत्ती, सुमारे १०.५ × १५ सेंमी, घेऊ नका. त्यात फुरिगाना इतका बारीक होतो की 'बा' आणि 'पा' ओळखू येत नाहीत.

पहिल्या पुस्तकासाठी 'योत्सुबा तो!' सुचवतो. लहान मुलगी, तिचे बाबा, शेजारच्या बहिणी, रोजचं बोलणं आणि फुरिगाना, सगळं त्यात आहे. 'दोराएमोन'च्या गोष्टी छोट्या आणि स्वतंत्र आहेत, आणि हिंदीतून टीव्हीवर पाहिल्यामुळे आपल्याकडे अनेकांना आधीच ठाऊक आहेत. माहीत असलेली गोष्ट वाचणं हा मोठा आधार आहे. फक्त उपकरणांच्या नावांत शब्दांचे खेळ असतात, ते सोडून द्या. 'चीझ स्वीट होम' दिसायला सर्वांत सोपं, पण मांजरीचं पिल्लू बोबडं बोलतं आणि ते शब्द शब्दकोशात सापडत नाहीत. 'शिन-चान'ही टीव्हीमुळे ओळखीचा. पण तो घरी आल्यावर 'तादाइमा' (मी आलो) याऐवजी घरातल्यांनी म्हणायचं 'ओकाएरी' (आलास का) म्हणतो! बरोबर काय ते पक्कं नसेल तर तुम्ही चूकच पाठ कराल.

खरेदीआधी जपानी ई-पुस्तकांच्या दुकानात 'तामेशियोमि', म्हणजे फुकट वाचायची सुरुवातीची पानं, उघडा. संवाद भरपूर असलेली पाच पानं निवडून अनोळखी शब्द मोजा. पानाला पाच-सहा असतील तर घ्या. बारापेक्षा जास्त असतील तर ती मालिका वर्षभराने.

> सावधान: निवडलेल्या मालिकेची पहिली ३० पानं हमखास सर्वांत जड जातात, कारण पात्रं, नावं आणि लेखकाचे लाडके शब्द सगळंच नवं असतं. तिथे सोडून दुसरी मालिका धरली की तोच चढ पुन्हा पहिल्यापासून चढावा लागतो.

## टप्पा ३: पानाची दिशा

पुस्तक आपल्याला मागची वाटते त्या बाजूने उघडतं. चौकटी उजवीकडून डावीकडे, मग खाली. फुग्यातल्या ओळी उभ्या, उजवीकडची आधी. चार चौकटींच्या 'योन्कोमा'त उजवा उभा पट्टा पूर्ण वाचून मग डावा घ्यायचा.

शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, पण फुग्यातली ओळ सहसा शब्द तोडत नाही. ती विभक्तीनंतर किंवा क्रियापदानंतर तुटते. म्हणून प्रत्येक ओळ एक तुकडा समजून वाचा. चिकटलेले दोन फुगे म्हणजे तोच माणूस पुढे बोलतोय, आणि क्रियापद बऱ्याचदा दुसऱ्या फुग्यात असतं. पहिल्या फुग्यावरच अर्थ लावायला घेऊ नका. काटेरी कडा म्हणजे ओरडणं, चौकोनी पेटी म्हणजे निवेदन. फुग्याबाहेर लेखकाने बारीक अक्षरांत हाताने खरडलेले शेरे पहिल्या खंडात सरळ सोडून द्या. त्यांना फुरिगाना नसतो आणि अक्षरही धावतं असतं.

## टप्पा ४: पहिलं वाचन, शब्दकोश बंद

एक प्रकरण एका बैठकीत शेवटपर्यंत वाचा. काही शोधायचं नाही. न कळलेल्या फुग्याशेजारी पेन्सिलीने ठिपका द्या. ई-पुस्तक असेल तर पान क्रमांक लिहून ठेवा. प्रकरण संपल्यावर तीन प्रश्नांची उत्तरं मराठीत लिहा: कोण कोणाला भेटलं? कशावरून बिनसलं? शेवटी काय झालं?

हा टप्पा लोक गाळतात, कारण काहीच कळत नाही असं वाटतं. पण प्रसंग आधी डोक्यात असला की शब्दकोशातल्या सात अर्थांपैकी कोणता घ्यायचा ते चित्रच सांगतं.

याच वेळी पात्रांची नावं वेगळ्या कागदावर उतरवा. पुष्कळ खंडांच्या सुरुवातीला पात्रपरिचयाचं पान असतं. नाव नोंदवलं नाही तर 'हिकारु' हा मुलगा आहे हे विसरून तुम्ही 'चमकणे' या क्रियापदाशी झुंजत बसाल.

## टप्पा ५: बोली उलगडणं

दुसऱ्या वाचनात ठिपक्याच्या फुग्यांकडे या. शब्दकोशाआधी एकच काम करायचं: आखडलेलं रूप ताणून पूर्ण लिहायचं. मुख्य रूपं अशी:

- तेरु ← ते इरु. 'मितेरु': बघतोय.
- च्याउ, ज्याउ ← ते शिमाउ, दे शिमाउ. 'नोन्ज्यात्ता': पिऊन टाकलं.
- तोकु, दोकु ← ते ओकु, दे ओकु. 'योन्दोकु': वाचून ठेवतो.
- नाक्या, नाकुच्या ← नाकेरेबा, नाकुते वा. पुढचं 'नारानाइ' गिळलेलं असतं. 'इकानाक्या': जायला हवं.
- तेन्दा ← ते इरु नो दा. 'नानि इत्तेन्दा': काय बोलतोयस तू!
- सुऱ्या ← सुरेबा. इतर क्रियापदांतही 'रेबा'चं 'ऱ्या' होतं.
- वाकान्नाइ ← वाकारानाइ. 'न'च्या आधीचा 'रा' विरघळतो.
- एए ← आइ, ओइ. 'सुगेए' ← सुगोइ, 'इतेए' ← इताइ, 'शिरानेए' ← शिरानाइ.
- त्ते ← तो, तो इउ. दुसऱ्याचं बोलणं सांगताना येतो. वाक्याच्या शेवटी आला तर कितीदा तरी आपल्या 'म्हणे'सारखा.

मराठी माणसाला इथे एक आयता फायदा आहे आणि इंग्रजीतून शिकणारे तो गमावतात. 'ते शिमाउ', 'ते ओकु' आणि 'ते मिरु' यांना इंग्रजीत लांबलचक स्पष्टीकरणं लागतात. मराठीत 'करून टाकणं', 'करून ठेवणं' आणि 'करून बघणं' ही जोडक्रियापदं तयारच आहेत. 'वासुरेच्यात्ता'चा सूर 'विसरूनच गेलो की'मध्ये जसाच्या तसा येतो. तेव्हा अर्थ इंग्रजीत उतरवून मग मराठीत आणण्याचा द्राविडी प्राणायाम करू नका.

एक पूर्ण उदाहरण. फुग्यात आहे: 'याप्पारि वासुरेच्यात्तेन्ज्यानेएका'. शेवटाकडून सोडवा.

१. 'ज्यानेएका' ← 'दे वा नाइ का'. नकार नाही, 'ना!' म्हणून पकडणं.
२. त्याआधीचं 'तेन' ← 'ते इरु नो'.
३. 'वासुरेच्यात्' ← 'वासुरेते शिमात्', मूळ क्रियापद 'वासुरेरु', विसरणे.
४. 'याप्पारि': वाटलंच होतं.

अर्थ: 'वाटलंच मला, विसरूनच बसलायस ना!' शब्दकोशात हा सगळा तुकडा टाकला असता तर बहुधा काहीच हाती लागलं नसतं.

> सावधान: 'ताबेरु ना' म्हणजे खाऊ नको. 'ताबे ना' म्हणजे खा, कारण ते 'ताबेनासाइ'चं आखूड रूप आहे. 'इकु ना' आणि 'इकि ना' यांतही तेच. एका अक्षराने अर्थ उलटतो, म्हणून 'ना'च्या आधी कोणतं रूप आहे ते दरवेळी पाहा.

## टप्पा ६: कर्ता कोण?

सगळे शब्द कळले तरी वाक्य हाती लागत नाही, याचं कारण बहुधा हे असतं. मराठी क्रियापद कर्त्याचा पत्ता देतं: आलो, आलीस, आला. जपानीत सगळ्यांना 'किता'. कर्ता तर गाळलेलाच असतो. आपली नजर सवयीने क्रियापदाच्या शेपटीकडे जाते आणि तिथे काहीच नसतं. मग कर्ता या खुणांवरून काढायचा:

देणं-घेणं. 'कात्ते कुरेता' असेल तर कोणीतरी बोलणाऱ्यासाठी किंवा त्याच्या माणसासाठी विकत घेतलं. 'कात्ते आगेता' असेल तर सहसा बोलणाऱ्याने दुसऱ्यासाठी. 'कात्ते मोरात्ता' म्हणजे बोलणाऱ्याने कोणाकडून तरी घेववलं. कर्ता न लिहिताही दिशा पक्की होते.

इच्छा. विधानात 'ताइ' आलं की सहसा स्वतःची इच्छा, प्रश्नात आलं की समोरच्याची. तिसऱ्याची इच्छा सांगताना 'तागारु' येतं.

सर्वनाम. 'ओरे', 'बोकु', 'आताशि', 'वाशि' या सगळ्यांचा अर्थ 'मी', पण प्रत्येक पात्र सहसा एकच वापरतं. कोण कोणतं वापरतं ते नावांच्या कागदावर लिहून ठेवा, म्हणजे शेपूट नसलेला फुगा कोणाचा हे ओळखता येतं. 'वाशि' आणि वाक्याच्या शेवटी 'ज्या' आलं की पात्र म्हातारं. 'आकान', 'होन्मा', 'हेन' दिसलं की ते कान्साइ भागातलं.

हे, ते आणि मधलं. मराठीत 'हा' आणि 'तो' एवढंच. जपानीत 'को', 'सो' आणि 'आ'. 'सोरे' म्हणजे ऐकणाऱ्याजवळचं किंवा नुकतंच बोलण्यात आलेलं. त्याचा सरसकट 'ते' केला तर कोणाच्या हातात काय आहे हे चुकतं.

ही सर्वनामं आणि शेवटचे 'झो', 'झे' ओळखण्यासाठी आहेत. 'तू' या अर्थाचे 'ओमाए', 'तेमेए', 'किसामा' वर्गात किंवा ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्याशी बोलताना तोंडातून गेले तर ते सरळ अपमान ठरतात.

## टप्पा ७: आता शब्दकोश

फोनवर ताकोबोतो किंवा ब्राउझरमध्ये जिशो पुरेसा आहे. पण सगळं शोधायचं नाही. क्रम असा: वाक्याच्या शेवटचं क्रियापद आधी, मग प्रकरणात तीनदा तरी आलेला शब्द, मग ज्याच्यावाचून प्रसंगच कळत नाही तो. बाकीचे ठिपके तसेच राहू द्या. एका पानावर चार-पाच शब्दांच्या पुढे गेलात तर तुम्ही वाचत नाही, यादी करताय.

फुरिगाना बघून टाइप करताना दोन सापळे आहेत.

पहिला: छपाईच्या जुन्या रीतीप्रमाणे अनेक प्रकाशनांत फुरिगानातले लहान 'त्सु' आणि 'या-यु-यो' मोठ्या आकारातच छापतात. त्यामुळे 'ब्योइन' (हॉस्पिटल) हा 'बियोइन' (ब्यूटी पार्लर) दिसतो आणि 'क्यो' (आज) हा 'कियो' (कुशल). भलताच अर्थ आला तर लहान अक्षर धरून पुन्हा शोधा.

दुसरा: लेखक मुद्दाम कांजी एक आणि उच्चार दुसरा देतात. 'होन्कि'च्या कांजीवर 'माजि', 'रियू'च्या कांजीवर 'वाके', विश्वाच्या 'उच्यू'वर 'सोरा'. वाचताना मजा येते, पण हेच उच्चार त्या कांजीचे म्हणून पाठ केले तर जेएलपीटीत गुण जातील. कोणताही नवा कांजी-शब्द वहीत घेण्याआधी उच्चार शब्दकोशाशी ताडून पाहा.

आवाजांचे शब्द वेगळे हाताळा. 'दोकि दोकि' म्हणजे धडधड, 'हिसो हिसो' म्हणजे कुजबुज, 'किरा किरा' म्हणजे लखलख. अशा दुहेरी शब्दांचा मराठीला तोटा नाही, त्यामुळे चित्र पाहून मराठी जोडीदार बहुधा सुचतोच. 'शीन' म्हणजे नीरव शांतता आणि 'जी' म्हणजे टक लावून बघणं, हे मात्र पाठच करावे लागतात. स्वराला दाकुतेन लावलेलं दिसलं तर ती घोगरी किंकाळी समजा. शब्दकोशात ते मिळणार नाही.

> सावधान: कॅमेऱ्याने मजकूर ओळखणारी अ‍ॅप फुरिगाना आणि मूळ ओळ एकत्र करून भलतंच वाक्य देऊ शकतात. भाषांतराचं बटण दाबण्याआधी त्याने ओळखलेला जपानी मजकूर पानाशी ताडा.

## टप्पा ८: कार्ड आणि पुनर्वाचन

अंकी हे उजळणीच्या कार्डांचं अ‍ॅप वापरत असाल तर दिवसाला पाच नवी कार्डं बस. पुढच्या बाजूला पूर्ण फुगा, जमल्यास चौकटीच्या चित्रासह. मागे ताणलेलं रूप आणि मराठी अर्थ. सुटा शब्द कार्डावर टाकू नका. 'काकेरु'सारख्या क्रियापदाला इतके अर्थ आहेत की वाक्याशिवाय ते कार्ड निरुपयोगी आहे.

आठवड्याने तेच प्रकरण न थांबता, शक्यतो मोठ्याने वाचा. ठिपके खोडत जा. निम्मे खोडले गेले तर पुढचं प्रकरण घ्या, सगळे खोडले जाईपर्यंत थांबू नका. उरलेले शब्द पुढच्या प्रकरणांत परत येतील. जे येणार नाहीत, त्यांची तूर्त गरज नव्हती.

## टप्पा ९: फुरिगाना सोडताना

एका मालिकेचे चार-पाच खंड झाल्यावर फुरिगाना नसलेल्या मांगाकडे वळता येतं. विषय मात्र ओळखीचाच ठेवा: स्वयंपाक, ऑफिस, कॉलेज. अशा पुस्तकांत नावाचा उच्चार अनेकदा फक्त पहिल्यांदा येतो तेव्हाच छापलेला असतो, म्हणून नावांचा कागद इथे जास्तच लागेल.

उच्चार माहीत नसलेली कांजी शोधायला फोनच्या कीबोर्डवर जपानी हस्तलेखन सुरू करा आणि बोटाने काढा. रेघांचा क्रम साधारण बरोबर असला तर यादीत ती लवकर वर येते. सापडत नसेल तर कांजीचे भाग पाडा आणि जिशोच्या घटक-शोधात डावा भाग, मग उजवा भाग निवडा. शब्द दोन कांजींचा असेल आणि पहिली ओळखीची असेल, तर तिच्यानंतर तारांकन (*) टाकून शोधा. त्या कांजीपासून सुरू होणारे शब्द समोर येतात आणि दुसरी त्यांत नजरेनेच सापडते.